चार पानांच्या पत्रातली दीड ओळ

एका मुलीचं मला पत्र आलंय, मोठं आहे. वहीची चार पानं पाठपोट भरून लिहिलीत आणि मोबाईलवर फोटो काढून पाठवलीत, तिसऱ्या पानाच्या फोटोत अंगठा पण आलाय, त्या अंगठ्याखाली दोन शब्द गेलेत ते मी अंदाजानं वाचले.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मुलगी टीवाय बीएस्सीला, म्हणजे शेवटच्या वर्षाला, बॉटनी घेऊन. गाव सातारा जिल्ह्यात मेढ्याच्या पलीकडं, वडील वाशीच्या मार्केटला माथाडी, आई गावी, थोडं भात, एक म्हैस. ही साताऱ्यात तिघींबरोबर कॉट बेसिसवर राहते, कमवा शिका योजनेतून कॉलेजच्या लायब्ररीत दोन तास बसते, शनिवारी एसटीनं घरी जाते. नाव छापू नका म्हणालीय, छापत नाही.

तिचं म्हणणं असं की फेब्रुवारी आला की सगळ्यांचं काहीतरी होतंय आणि माझंच काही होत नाही. रूममेटचा साखरपुडा ठरला. दुसरीनं स्कूटी घेतली आणि लायसन पण काढलं. तिसरी पुण्याला इंटरव्ह्यूला जाऊन आली. "आणि मी काका, सकाळी मेसचे पोहे, मग प्रॅक्टिकल, मग लायब्ररी, मग रूम. बारावीचे पेपर चालू आहेत म्हणून आमच्या वर्गात त्यांचे नंबर टाकलेत आणि आमचे लेक्चर कधी कुठल्या हॉलला तर कधी नाहीच. शिवजयंती झाली, मराठी दिन झाला, विज्ञान दिनाचं पोस्टर केलं, आता गॅदरिंग, मग सेंडऑफ, मग संपलंच. गॅदरिंगला सूत्रसंचालन माझ्यावर टाकलंय, मी आजपर्यंत माईक हातात घेतला नाही. बाबा शिमग्याला गावी येणार आहेत, त्यांनी मार्केटमध्ये सगळ्या टोळीला सांगून ठेवलंय की पोरगी ग्रॅज्युएट होणार, आमच्या घरातली पहिली, येताना पेढे घेऊनच येतो म्हणाले."

आणि मग चौथ्या पानाच्या तळाला, शाई संपत आलेल्या पेननं, ही दीड ओळ.

"अजून एक म्हणजे सेम फोरचा केमिस्ट्रीचा एक पेपर राहिलाय, घरी माहीत नाही, पण ते होईल."

अगं बाई.

हे बघ पोरी, मी ३१ वर्षं एका कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो, २०१९ ला रिटायर झालो. खिडकीवर येणारं पोरगं आधी दहा मिनिटं भलतंच बोलतं हे मला पाठ आहे. सर बोनाफाईड कधी मिळेल, सर स्कॉलरशिपचं काय झालं, सर तुमचा पंखा नवीन आहे का. आणि मग जाताना, मागं वळून, जणू आत्ताच आठवलं असं करून, "सर ते एक बॅकलॉगचं विचारायचं होतं". तू लिहून तेच केलंस. म्हणून मी पण पत्र तळापासून वाचायला घेतो, गॅदरिंगचं नंतर बघू.

पहिलं काम फॉर्म. "ते होईल" हे आपोआप होत नसतं, ते फॉर्म भरून होतं. आणि इथंच पोरं फसतात, त्यांना वाटतं सेम सिक्सचा, म्हणजे शेवटच्या सत्राचा, रेग्युलर फॉर्म भरला की मागचा राहिलेला विषय त्यातच येतो. कुठं येतो, कुठं येत नाही, कुठं वेगळा रिपीटर फॉर्म असतो, कुठं त्याच फॉर्मवर तो विषय आपण स्वतः टिक करायला लागतो. तू काय कर, लॉगिन उघड, पीआरएन, म्हणजे तुझा विद्यापीठाचा नोंदणी नंबर, टाक आणि सबमिट दाबायच्या आधी विषयांची यादी बोट ठेवून वाच, त्यात सेम फोरचा तो पेपर कोडसकट दिसला पाहिजे. कोडसकट म्हणतोय, नुसतं केमिस्ट्री नाही. केमिस्ट्रीचे दोन पेपर असतात आणि नावं बहिणी बहिणींसारखी, मी एक मुलगा बघितलाय ज्यानं पास झालेल्या पेपरचा फॉर्म भरला आणि नापास झालेला तसाच राहिला, आणि हे त्याला हॉल तिकीट आल्यावर कळलं. मार्कशीटची झेरॉक्स बरोबर ठेव आणि तिच्यावरचा कोड बघूनच भर.

दुसरं, पॅटर्न. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून सिलॅबस इतके वेळा बदललेत की एसवायच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, ज्युनियर पोरींच्या नोट्स घेऊन तू बसशील आणि पेपर येईल तुझ्या वर्षाच्या जुन्या सिलॅबसचा. तर खिडकीवर सरळ विचार, माझ्या बॅचच्या रिपीटरला पेपर कुठल्या पॅटर्नचा आहे. ह्या प्रश्नाला कुणी हसत नाही, उलट क्लार्कला बरं वाटतं की पोरगी शहाणी आहे. टाइमटेबल लागलं की रिपीटरचा पेपर आणि टीवायचा पेपर एकाच दिवशी एकाच वेळेला येत नाही ना ते पण बघ, येत असेल तर त्याच दिवशी अर्ज दे, पेपरच्या आदल्या दिवशी रडत येऊ नको.

हे सगळं का सांगतोय, कारण पेपर अवघड होता म्हणून अडकलेली पोरं मी कमी बघितलीत, फॉर्मची तारीख गेली म्हणून अडकलेली ढीगभर. आणि टीवायला असलीस तरी मागचा एक विषय राहिला तर सेम सिक्सला कितीही मार्क पाड, पदवी काही हातात येत नाही. एमएस्सीची एन्ट्रन्स शेवटच्या वर्षाची म्हणून देता येते पण ॲडमिशनच्या टेबलावर सगळ्या सेमची मार्कशीट मागतात. एमएस्सी करू का एमपीएससी करू असं तू दुसऱ्या पानावर अर्धं पान लिहिलंयस, त्याचं उत्तर मी आज देणार नाही. दोन्हीला पदवी लागते.

अभ्यासाचं मी काही सांगणार नाही, मी कॉमर्सचा माणूस. पण तू लिहिलंयस की पहिल्यांदा तीन मार्कांनी गेला. तीन मार्क म्हणजे एक न्यूमेरिकल. आणि तू बसतेस लायब्ररीत! मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांची फाईल तुझ्याच पाठीमागच्या कपाटात असणार, बाकीची पोरं ती मागायला तुझ्याकडंच येतात, तू कधी स्वतःसाठी उघडलीस का.

आता दुसऱ्या अटेम्प्टचं. हे तू कंसात लिहिलंयस, मी दोनदा वाचलं. दिवाळीच्या आसपास तो पेपर परत होता. आई तापानं पडलेली, भात कापून खाचरात पडलेलं, वर ढग आलेले. तू शनिवारी गेलीस ती बुधवारपर्यंत राहिलीस, भात झोडलं, म्हशीची धार काढली, आणि मंगळवारी पेपर होता. आईला सांगताच येईना की मला जायला पाहिजे, कारण पेपर कसला म्हणून विचारलं असतं. तुझा तो पेपर काय भातानं किंवा तापानं घालवला नाही, तो त्या न सांगण्यानं घालवला. आईला माहीत असतं तर तिनं तापात उठून तुला पहिल्या एसटीला बसवून दिलं असतं आणि भावकीतल्या कुणाला तरी बोलावून भात उचललं असतं. आया अशा वेळी ऐकत नाहीत.

मी काही वरच्या पाटावर बसून बोलत नाहीये. माझं सांगतो.

१९८१ साली मी एसवाय बीकॉमला अकौंट्समध्ये नापास झालो. गाव कोरेगाव तालुक्यात, वडील शेतकरी, शिक्षण चौथी. घरी सांगितलं की निकाल राखून ठेवलाय. हा शब्द मी कॉलेजच्या बोर्डावर दुसऱ्या कुणाच्या तरी नावापुढं वाचलेला, मला तो फार आवडला, राखून ठेवलाय, म्हणजे त्यात आपली काहीच चूक नाही. जून गेला, पाऊस झाला, गणपती झाले, माझा निकाल राखलेलाच. पण वडिलांच्या डोक्यात त्या शब्दानं वेगळंच घर केलं. राखून ठेवलाय म्हणजे कुणीतरी मुद्दाम ठेवलाय, आपल्या पोरावर अन्याय झालाय, साहेबाला भेटलं पाहिजे. दसऱ्याच्या सुमाराला नवीन घेवडा निघाला होता, आमच्याकडचा वाघ्या घेवडा, तो पायलीभर पिशवीत घातला आणि मला न सांगता एसटीनं साताऱ्याला येऊन थेट कॉलेजच्या खिडकीवर उभे राहिले. मी योगायोगानं तिथंच लांब जिन्यात होतो. खिडकीतल्या माणसानं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "राखून कुणी ठेवलाय, नापास आहे तुमचा पोरगा." वडिलांनी दोन मिनिटं काहीच केलं नाही. मग पिशवी उचलून खांद्याला लावली आणि स्टँडकडं चालायला लागले. मी जिन्यातून खाली उतरलो नाही.

संध्याकाळी घरी गेलो तर आईला एवढंच म्हणाले, घेवडा भिजत घाल. मला पुढं वर्षभर त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत, पुढच्या वर्षी पास झालो तेव्हा पण नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. नंतर माझं नशीब बघ, नोकरी लागली ती पण अशाच एका खिडकीच्या आत, आणि ३१ वर्षांत एक पथ्य पाळलं की खिडकीवर कुणाचा बाप आला तर त्याला आत बोलवायचं, बसायला स्टूल द्यायचं आणि मग हळू आवाजात सांगायचं. स्टूल मी घरून नेलं होतं.

तर तुझे बाबा शिमग्याला पेढे घेऊन येणार. त्यांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स असताना सांगायचं का, वाशीहून निघायच्या आधी सांगायचं, एवढाच प्रश्न आहे. सांगायचं का नाही हा प्रश्नच नाही, ते कळणारच आहे, जूनमध्ये कळेल, आणि तोपर्यंत त्यांनी टोळीतल्या प्रत्येकाला आणि मुकादमाला पेढा दिलेला असेल. मग त्यांना परत त्या सगळ्यांसमोर जायचंय रोज पहाटे. तुझ्या नापासाचं त्यांना जेवढं वाईट वाटेल त्याच्या दसपट ह्याचं वाटेल.

म्हणून ह्याच आठवड्यात. आणि आधी फॉर्म भर, पावती घे, मग फोन कर. हा क्रम उलटा करू नकोस. पावती हातात असली की आवाज वेगळा लागतो. फोन पहाटे नको, तेव्हा गाड्या खाली करायचं काम असतं, दुपारी जेवण करून जरा आडवे होतात त्या वेळेला कर, तुला त्यांची वेळ माहीत असेलच. मेसेज तर अजिबात नको, मेसेज माणूस चारचौघांत वाचतो.

काय बोलायचं ते पण लिहून देतो, कारण तू फोन हातात घेऊन आधी म्हशीची चौकशी करत बसशील, ओळखतो मी तुला आता.

"बाबा, मागच्या वर्षीचा माझा एक पेपर राहिलाय. तीन मार्कांनी गेला. तुम्हाला सांगितलं नाही, घाबरले. फॉर्म भरलाय, पैसे भरलेत, परीक्षेला बसणार आहे. पेढे निकालानंतर आणा."

एवढंच. पुढं ते विचारतील म्हणजे नापास झालीस का. तर एटीकेटी म्हणजे अलाऊड टू कीप टर्म्स असली भाषा त्यांना सांगू नकोस, त्यांच्या कामातलं सांग. गाडी भरली, निघाली पण, एक पोतं खाली राहिलंय, ते पुढच्या खेपेला टाकायचंय. माथाडी माणसाला एक पोतं म्हणजे काय ते तुझ्या माझ्यापेक्षा चांगलं कळतं, आणि ते तसंच खाली ठेवून चालत नाही हे पण कळतं.

आणि एक नीट ऐक. दिवाळीच्या पेपरचं, म्हणजे आईच्या तापाचं, तू आपणहून सांगू नकोस. बाबांनी खोदून विचारलं तर त्यांना सांग, पण आईसमोर तर मुळीच नको. तुझ्यासाठी ते कारण आहे, तिच्यासाठी ते आयुष्यभराचं लागून राहील, की माझ्या तापापायी पोरीचा पेपर गेला. पुढं कधीतरी, तुझी पदवी भिंतीवर लागल्यावर, हसत हसत सांगशील.

रागावतील का? रागावतील. दोन दिवस फोन उचलणार नाहीत कदाचित. उचलू देत नाहीतर नको, तू तिसऱ्या दिवशी परत कर. पेढ्यांचं म्हणशील तर घेतले असतील तरी बिघडत नाही, साताऱ्याचा कंदी पेढा आहे, चांगला भाजलेला असतो, चार दिवस जास्त टिकतो. (हे आपलं गमतीनं. निकालापर्यंत टिकणार नाही.)

हां, आता गॅदरिंग. हा भाग मला आवडला, कारण मी ३१ गॅदरिंगं मागच्या खुर्चीवर बसून बघितलीत आणि सूत्रसंचालन करणारी पोरं कशानं पडतात ते मला स्टेजवरच्यांपेक्षा जास्त माहितीय. शायरीनं पडतात. मोबाईलवरून उतरवलेल्या चारोळ्या, फूल, चंद्र, मैत्री, आणि समोर पोरं शिट्ट्या मारतायत. तू एकही चारोळी घेऊ नकोस. पाहुण्यांची नावं मात्र आदल्या दिवशी मोठ्यानं दहा वेळा म्हण, पद आणि आडनाव एकदम बरोबर पाहिजे, आपल्याकडं माणूस भाषण विसरतो पण आपलं आडनाव चुकीचं घेतलेलं विसरत नाही. प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी चिठ्ठी कर, एका मोठ्या कागदावर यादी लिहू नकोस, कारण डान्सचा ग्रुप ऐन वेळी तयार नसतो आणि क्रम बदलतो, मग चिठ्ठी खालची वर केली की झालं. शाल, श्रीफळ, बुके कुणाच्या हातात आहे ते माईकवर बोलायच्या आधी विंगेत डोळ्यांनी बघून घे. मी एकदा श्रीफळ येईपर्यंत एका मुलीला सहा मिनिटं बोलत राहिलेली बघितलीय, शेवटी तिनं कॉलेजच्या बोअरवेलचा इतिहास सांगितला. बिचारी. पण ती सहा मिनिटं आम्हाला अजून आठवतात आणि त्या वर्षीचं प्रमुख पाहुण्यांचं भाषण कुणालाच आठवत नाही.

पाहुणे उशिरा येणार हे धरून चाल. त्या वेळात फिशपॉन्ड, म्हणजे पोरांनी एकमेकांवर लिहिलेल्या टवाळीच्या चिठ्ठ्या, वाच. आमच्या वेळी शेलापागोटे म्हणायचे, शब्द छान होता, गेला. फिशपॉन्ड आधी स्वतः सगळे वाचून घे आणि ज्यात एखादीच्या रंगावर, अंगावर, जातीवर काही असेल ते फाडून टाक, कुणी विचारलं तर म्हणायचं मिळालंच नाही. सूत्रसंचालन करणारीला एवढा अधिकार असतो, वापरायचा.

साडी आईची नेस. तू लिहिलंयस की मैत्रिणी भाड्यानं आणणार आहेत आणि आईकडची जुनी आहे, गडद हिरवी, काठाची. जुनी काठाची साडी स्टेजच्या लाइटमध्ये जशी दिसते तशी भाड्याची दिसत नाही, हे माझं मत नाही, आमच्या हिचं आहे आणि ती ह्यातली माहितगार आहे. पिना जास्त लाव म्हणाली. आणि शनिवारी ती साडी मागायला आईकडं गेलीस की ट्रंक उघडताना बोलता पण येईल. बाबांच्या आधी आईला सांगायचं का नंतर ते तू ठरव, माझं विचारशील तर एकाच दिवसात दोघांना, म्हणजे तुला माहीत होतं आणि मला नव्हतं असलं भांडण घरात नको.

राहिलं "माझं काहीच होत नाही". ह्यावर मी फार बोलणार नव्हतो, पण पत्र परत वाचताना दुसऱ्या पानावर थांबलो.

तू लिहिलंयस की शनिवारच्या एसटीत कण्हेरच्या धरणाचं पाणी दिसायला लागलं की खिडकीची सीट असेल तर तुला बाकी काही दिसत नाही, डोंगराला एकही पान नाही आणि मध्येच एक पळस पेटल्यासारखा, मग पांगारा, मग काटेसावर. मागच्या शनिवारी मेढ्याला उतरल्यावर पळसाची खाली पडलेली फुलं ओढणीत गोळा केलीस आणि परत आल्यावर रूमवर मेसच्या ताटात ठेवून ब्लेडनं उघडलीस, प्रॅक्टिकलची तयारी म्हणून. आणि मग पुढं सात ओळी नुसतं त्या फुलाचं. की पाच पाकळ्यांतली एक मोठी वर उभी, दोन बाजूला, आणि खालच्या दोन जोडून पोपटाच्या चोचीसारख्या झालेल्या. चोच उघडली की आत दहा पुंकेसर, नऊ एकत्र चिकटलेले आणि एक सुटा. "तो सुटा काढताना हात थरथरतो काका, तुटला की फूल वाया."

मी रिटायर्ड माणूस, ६० वर्षं ह्या जिल्ह्यात पळस बघतोय, होळीचा रंग करतात एवढंच माहीत. काल सकाळी अजिंक्यताऱ्याला फिरायला गेलो तेव्हा एक फूल उचललं आणि चष्मा काढून मोजले. दहाच आहेत. नऊ आणि एक. तुझ्या परीक्षकांना पण ह्याच आवाजात सांग, व्हायवाला घाबरायचं कारण नाही. (तिथंच थोडं वर गवत जळून काळं झालेलं होतं, दर वर्षी कुणीतरी काडी लावतंच, ह्यावर एकदा वेगळं लिहायचंय.)

आणि कमवा शिका चे पहिले पैसे आले तेव्हा तू काय आणलंस, तर आईच्या कुकरची रिंग आणि नवीन शिट्टी, कारण दोन वर्षं ती शिट्टी न होणाऱ्या कुकरवर अंदाजानं भात लावत होती. हे तू ह्या वाक्याच्या मध्ये लिहिलंयस की "बाकी काही विशेष नाही". अगं, रूममेटच्या साखरपुड्याचे फोटो शंभर जणांनी बघितले असतील, तुझ्या कुकरची शिट्टी एकाच घरात वाजते, पण वाजते ना रोज. कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासून ह्या जिल्ह्यात कितीतरी घरांतली पहिली शिकलेली पोरं अशीच, काम करून फी भरत शिकलेली आहेत, त्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचार पहिल्या पैशांचं काय आणलं, त्याला तारीखवार आठवत असेल.

मैत्रिणीच्या साखरपुड्याला जा, जेव, नाच. पुण्यात इंटरव्ह्यू दिलेलीला विचार काय विचारलं तिथं. स्कूटीवालीच्या मागं बसून एकदा चार भिंतीच्या टेकडीवर जाऊन या, संध्याकाळी तिथून सातारा बघायला आत्ताच्या दिवसांत बरं वाटतं, एप्रिलात दगड तापलेले असतात. सेंडऑफच्या दिवशी चौघी रडणार आहात ते ठरलेलंच आहे, त्यावर मी काय सल्ला देऊ.

तर सोमवारी खिडकीवर जा. मार्कशीटची झेरॉक्स, आधीच्या हॉल तिकिटाची झेरॉक्स असेल तर ती, फोटो, आणि सुट्टे पैसे, क्लार्ककडं सुट्टे कधीच नसतात. ऑनलाइन भरलंस तरी प्रिंट घेऊन खिडकीवर दाखव आणि सही शिक्का घे, नुसता स्क्रीनशॉट धरून बसू नको. पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या बॉटनीच्या जर्नलमध्ये ठेव, जर्नल तू हरवणार नाहीस.

खिडकी साडेदहाला उघडते असं लिहिलेलं असतं. तू सव्वाअकराला जा. तोपर्यंत आतल्या माणसाचा चहा झालेला असतो.